जपानी पुराणकथांवरून नवी गोष्ट लिहायची आहे? मग पात्र नको, अट उचला

चार वर्षांपूर्वी मी एक कथा लिहिली होती. तोक्योच्या निशी-कासाई भागातलं मराठी कुटुंब, नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि त्या फ्लॅटमध्ये फक्त धाकट्या मुलीला दिसणारं एक जपानी मूल, झाशिकी-वाराशी. जपानी समजुतीत हे मूल घराचं भाग्य सांभाळतं. ते असेपर्यंत घर भरलेलं, ते गेलं की उतरती कळा. मी कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवली आणि ती परत आली. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिलेला होता: "हे मूल याच घरात का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला ते मूल आवडलं होतं म्हणून मी त्याला तिथे नेऊन बसवलं होतं, एवढंच. उत्तर शोधण्यात पुढची दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत जे कळलं ते पायऱ्यांनी खाली लिहिते आहे. तुम्ही कथा, कादंबरी, बालनाट्य, श्राव्यमालिका, चित्रकथा यांपैकी काहीही लिहिणार असलात तरी वाट साधारण हीच आहे.

सुरुवातीला जवळ काय हवं

- कोजिकी या जपानच्या जुन्या दरबारी ग्रंथाचं एक इंग्रजी भाषांतर. चेंबरलेनचं १८८२ सालचं भाषांतर विनामूल्य मिळतं, पण त्याला जे उतारे अश्लील वाटले ते त्याने थेट लॅटिनमध्ये घातले आहेत. पान अचानक कळेनासं झालं तर गोंधळू नका. परवडत असेल तर फिलिपाईचं १९६८ सालचं घ्या, त्यातल्या टिपांचा फार उपयोग होतो.
- निहोन शोकी या त्याच्याच जोडीच्या ग्रंथाचं ॲस्टनने केलेलं भाषांतर (१८९६). हेही विनामूल्य आहे.
- तोक्योच्या कोकुगाकुइन विद्यापीठाचा ऑनलाइन शिंतो विश्वकोश. इंग्रजीत आहे. कोणत्याही देवतेचं नाव अडलं की आधी इथे बघा.
- क्योतोच्या निचिबुन्केन या संशोधन संस्थेचा योकाई-कथांचा, म्हणजे विचित्र प्राणी आणि चकव्यांच्या कथांचा, संग्रह. तीस हजारांहून अधिक नोंदी आहेत, सगळ्या जपानीत. यंत्राने केलेलं भाषांतर ओबडधोबड येतं, पण गोष्ट कोणत्या गावातली आहे हे नक्की कळतं, आणि आपल्याला तेच हवं असतं.
- जपानचा नकाशा, जुन्या प्रांतांच्या नावांसकट. जुन्या गोष्टीत 'हिगो' येईल, आजच्या नकाशावर तिथे कुमामोतो असेल.
- एक वही. तिच्यात पाच रकाने आखा: गोष्ट, गाव, काळ, कोणी सांगितली, अट. शेवटचा रकाना का, ते तिसऱ्या पायरीत येईल.
- गोष्ट पूर्ण झाल्यावर वाचून दाखवता येईल असं एक जपानी माणूस.

पायरी १ : आधी कप्पे वेगळे करा

रामायण-महाभारतासारखा एकच आधारग्रंथ जपानी पुराणकथांना नाही. आपण ज्याला सरसकट 'जपानी मिथककथा' म्हणतो त्यात निदान चार वेगळ्या वयाच्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात.

सर्वांत जुने दरबारी ग्रंथ. कोजिकी ७१२ साली ओ नो यासुमारो याने सम्राज्ञी गेन्मेईला सादर केला. त्याच्या प्रस्तावनेप्रमाणे हिएदा नो आरे या व्यक्तीला हा सारा मजकूर मुखोद्गत होता. त्यानंतर ७२० साली तीस खंडांचा निहोन शोकी आला. याच सुमारास, ७१३ साली, प्रांतोप्रांती हुकूम गेला की आपापल्या मुलखाची माहिती आणि जुन्या गोष्टी लिहून पाठवा. त्या नोंदींना फुदोकी म्हणतात. इझुमो प्रांताची, ७३३ सालची फुदोकी जवळजवळ संपूर्ण टिकली आहे.

दुसरा कप्पा बौद्ध कथांचा. निहोन र्योइकी आणि कोन्जाकु मोनोगातारीशू हे त्यातले मोठे संग्रह. तिसऱ्यात गावोगावच्या कथा आणि योकाई, म्हणजे विचित्र प्राणी, सजीव झालेल्या वस्तू, वाटेवरचे चकवे. यांची चित्रं आणि पुस्तकं एदो काळात (१६०३ ते १८६८) मुबलक निघाली. चौथा कप्पा गेल्या शंभर वर्षांतला: मांगा (जपानी चित्रकथा), चित्रपट, खेळ. आपल्यापैकी बहुतेकांची ओळख इथून सुरू होते आणि घोटाळेही इथेच होतात, कारण इथे पहिले तिन्ही कप्पे एकमेकांत कालवलेले असतात.

आणखी एक काळजी घ्या. उत्तरेच्या होक्काइदो बेटावरचे आयनू लोक आणि दक्षिणेची र्युक्यू बेटं यांच्या कथा 'जपानी' या लेबलाखाली सहज ढकलल्या जातात. त्यांची भाषा वेगळी, दैवतं वेगळी. आयनू गीतकथांचा एक अनमोल संग्रह चिरी युकिए या मुलीने लिहून, जपानीत उतरवून काढला. १९२२ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी ती गेली आणि पुस्तक पुढच्या वर्षी आलं. त्यातली गीतं देवता स्वतःच गातात. घुबडदेव सांगतो, "मी नदीकाठाने उडत खाली येत होतो, खाली माणसांचं गाव दिसत होतं..." कथनाची ही तऱ्हा जपानी सूर्यदेवी आमातेरासुच्या तोंडी घालायचा मोह मला झाला होता. घातली असती तर एका लोकसमूहाचा आवाज दुसऱ्याच्या नावावर गेला असता. वापरायचीच असेल तर आयनू म्हणून वापरा, तसं सांगून वापरा.

पायरी २ : एकच गोष्ट निदान दोन पाठांत वाचा

निहोन शोकीच्या संकलकांनी एक फार प्रामाणिक गोष्ट केली. एक प्रसंग सांगून झाला की ते लिहितात, "एका ग्रंथात असं म्हटलं आहे", आणि मग तीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगतात. काही प्रसंगांचे तर दहा-अकरा पाठ दिले आहेत. नवा लेखक 'खरी गोष्ट कोणती' म्हणून अडून बसतो. त्या ग्रंथाने तो हट्ट तेराशे वर्षांपूर्वीच सोडून दिला होता.

पाठांतरं वाचल्याने हाती काय येतं ते पाहा. कोजिकीत अन्नदेवी ओगेत्सुहिमे आपल्या नाका-तोंडातून अन्न काढून पाहुण्याला वाढते. पाहुणा म्हणजे आमातेरासुचा भाऊ सुसानोओ. त्याला ते किळसवाणं वाटतं आणि तो तिला मारतो. तिच्या डोक्यातून रेशीमकिडे येतात, डोळ्यांतून भात. निहोन शोकीतल्या एका पाठात देवीचं नाव उकेमोची आहे आणि मारणारा आहे चंद्रदेव त्सुकुयोमी. हे कळल्यावर सूर्यदेवी आमातेरासु भावाला म्हणते, यापुढे मला तुझं तोंड पाहायचं नाही. तेव्हापासून सूर्य आणि चंद्र वेगळे राहतात, एक दिवसा, एक रात्री.

पहिल्या पाठात धान्याचा जन्म आहे. दुसऱ्यात धान्याचा जन्म आहे आणि एका बहिणीने कायमचा धरलेला अबोलाही आहे. कादंबरी लिहायची तर मी डोळे मिटून दुसरा पाठ घेईन. फक्त कोजिकी वाचला असता तर तो मला भेटलाच नसता.

गाळलेल्या जागाही वाचत जा. आठ डोक्यांच्या यामाता नो ओरोची या सर्पाला सुसानोओ मद्य पाजून मारतो, ही इझुमो प्रांतात घडणारी सर्वांत प्रसिद्ध कथा. पण खुद्द इझुमोच्या फुदोकीत ती नाही. तिथे आहे दोरखंड बांधून समुद्रापलीकडची जमीन ओढून आणणारा देव. दरबाराने इझुमोबद्दल सांगितलेली गोष्ट एक, इझुमोने स्वतःबद्दल सांगितलेली दुसरी. या फटीत कितीतरी कथा मावतील.

पायरी ३ : पात्र नको, अट उचला

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

नवशिका लेखक नऊ शेपट्यांची कोल्हीण उचलतो, डोंगरातला लाल तोंडाचा तेंगू उचलतो, देवळापुढचं कमानीसारखं तोरिई उचलतो. वाचकाने हे सगळं आधीच कुठेतरी पाहिलेलं असतं, त्यामुळे कथा सजते पण हलत नाही. जपानी कथांना हलवते ती अट. कोणीतरी कोणाला काहीतरी सांगतं: बघू नकोस, बोलू नकोस, मागे वळू नकोस. ती अट मोडते, आणि मोडल्यावर जे घडतं तीच गोष्ट असते.

देवी इझानामी अग्निदेवाला जन्म देताना भाजून मरते आणि योमी या मेलेल्यांच्या लोकात जाते. नवरा इझानागी तिला आणायला जातो. ती म्हणते, मी इथलं अन्न खाल्लं आहे, पण इथल्या देवांशी बोलून पाहते, तोवर माझ्याकडे बघू नकोस. तो थांबतो. फार वेळ जातो. शेवटी केसातल्या कंगव्याचा एक दात मोडून तो पेटवतो आणि बघतो. तिच्या अंगात किडे वळवळत असतात. ती म्हणते, "तू मला लाज आणलीस."

हे वाक्य नीट वाचा. ती 'तू नियम मोडलास' म्हणत नाही. अट देवाज्ञा नव्हती, ती एका बाईची झाकून ठेवलेली स्थिती होती. पुढे पाठलाग होतो. योमीच्या वेशीवर इझानागी प्रचंड शिळा लावतो आणि शिळेच्या दोन बाजूंना उभे राहून नवरा-बायको शेवटचं बोलतात. ती म्हणते, तुझ्या देशातली हजार माणसं मी रोज मारीन. तो म्हणतो, मग मी रोज दीड हजार प्रसूतिघरं उभारीन. जगातला मृत्यू आणि जन्म एका मोडलेल्या संसारातून आलेला आहे.

हीच अट पुढे वेगळ्या रूपात येते. समुद्रदेवाची मुलगी तोयोतामा-हिमे बाळंतपणाच्या वेळी नवऱ्याला म्हणते, आत बघू नकोस. तो बघतो. कोजिकीत ती त्या वेळी प्रचंड वानी झालेली असते. वानी म्हणजे मगर की शार्क यावर अजून वाद आहे. निहोन शोकीच्या मुख्य पाठात ती ड्रॅगन असते. ती लाजते, मूल ठेवून समुद्रात परत जाते, जाताना सागराची वाट बंद करते. मग आपल्या बहिणीला त्या मुलाला वाढवायला पाठवते. बहिणीला पाठवणं हे मला त्या कथेतलं सर्वांत हळवं ठिकाण वाटतं. वाट बंद आहे, पण माया बंद झालेली नाही.

जपानी कथा इंग्रजीत लिहिणाऱ्या लाफकॅडिओ हर्नने १९०४ साली छापलेल्या युकी-ओन्ना या हिमस्त्रीच्या कथेत अट बोलण्याची आहे: आज रात्री जे पाहिलंस ते कोणाला सांगू नकोस. ती ज्याला हे बजावते तो तरुण मिनोकिची वर्षांनुवर्षं सांगत नाही. मग एका संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात शिवत बसलेल्या आपल्याच बायकोला सांगतो. बायको तीच हिमस्त्री असते. दहा मुलं झालेली असतात. ती त्याला मारत नाही ते मुलांसाठी.

मराठी वाचकाला हे परकं नाही. शंतनूला गंगेने घातलेली अट आपल्याला ठाऊक आहे. श्रावणातल्या कहाण्यांमधला 'उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही' हा शब्दही आपल्या कानात आहे. पण फरक ओळखा. आपल्या कहाणीत वसा मोडला की दशा येते, पुन्हा घेतला की सुख परत येतं. जपानी कथेत बहुतेक वेळा परतफेड नसते. जाणारं माणूस जातं. शेवट गोड करायचा हात इथे आवरा.

अट नेहमी मनाईचीच असते असं मात्र नाही. १८४६ सालच्या एका छापील पत्रकात हिगो प्रांताच्या समुद्रात दिसलेला अमाबिए नावाचा जलचर आहे. लांब केस, चोच, अंगावर खवले. तो समुद्रातून वर येऊन सांगतो की सहा वर्षं पीक चांगलं येईल, पण साथही येईल, तेव्हा माझं चित्र काढ आणि लोकांना दाखव. हे पत्रक पुढे विस्मृतीत गेलं. २०२० साली करोनाच्या साथीत जपानमधल्या चित्रकारांनी, शाळकरी मुलांनी, मिठाईवाल्यांनी अमाबिएची हजारो चित्रं काढली आणि आरोग्य मंत्रालयाने त्याला आपल्या जाहिरातीवर घेतलं. एका कथेतली आज्ञा लोकांनी पावणेदोनशे वर्षांनी पाळली. जुनी कथा आजच्या काळात कशी आणायची याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही: रूप थोडं बदललं, आज्ञा तीच राहिली.

आता सराव. वहीतली कोणतीही गोष्ट घ्या आणि तीन ओळी लिहा. अट कोणी घातली? ती पाळल्याने कोणाचं काय झाकलं जातं? मोडल्यावर दोघांपैकी कोण काय गमावतं? मग पात्रांची नावं, कपडे, प्राणी सगळं पुसून टाका आणि या तीन ओळी आजच्या घरात, आजच्या कचेरीत ठेवून बघा. उभ्या राहिल्या तर गोष्ट आहे. मग हवी तर कोल्हीण परत आणा.

पायरी ४ : गाव आणि महिना सोडू नका

माझ्या कथेतला प्रश्न इथे सुटला.

झाशिकी-वाराशी तोहोकूची, म्हणजे ईशान्य जपानची. तिचं नावाजलेलं गाव इवाते प्रांतातलं तोनो. लोककथांचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी १९१० साली तिथल्या गोष्टी छापल्या, त्या त्यांना तोनोच्याच सासाकी किझेन यांनी सांगितल्या होत्या. 'झाशिकी' म्हणजे मोठ्या जुन्या घरातली पाहुण्यांची, चटया अंथरलेली खोली. तोनोतली एक गोष्ट अशी: मागोझाएमोन नावाच्या धनिकाच्या घरी अशा दोन मुली आहेत असं लोक म्हणत. एके दिवशी गावातल्या एकाला पुलाजवळ दोन अनोळखी मुली भेटल्या. कुठून आलात विचारल्यावर म्हणाल्या, मागोझाएमोनच्या घरून. कुठे चाललात? तर दुसऱ्या एका गावातल्या अमुक घरी. त्याने ओळखलं की मागोझाएमोनचे दिवस भरले. थोड्याच काळात त्या घरातली वीसेक माणसं विषारी अळंबी खाऊन एका दिवसात मेली. खेळायला बाहेर गेलेली सात वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली.

म्हणजे ते मूल घर सोडतं आणि दुसरीकडे जातं. नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते 'असणं' खोटं होतं, पण तिथे 'पोचणं' खरं होऊ शकत होतं. मी कथा उलटी केली. इवातेतलं एक म्हातारं घर बंद होतं, शेवटची आजी वृद्धाश्रमात जाते, आणि मूल नवीन घर शोधत निघतं. "याच घरात का?" याचं उत्तर आता माझ्याजवळ होतं: कारण आधीचं घर उरलं नव्हतं.

तेव्हा गोष्टीला तिच्या गावातून उचलणार असाल तर तो प्रवास कथेत दिसू द्या. ऐकीव कल्पनाही तपासा. हिमस्त्री म्हटलं की आपण थेट उत्तरेचा बर्फ रंगवतो. हर्नची युकी-ओन्ना मात्र मुसाशी प्रांतातली आहे, आणि ती जागा आज तोक्यो महानगराच्या पश्चिमेला ओमेच्या बाजूला दाखवतात. तोनोमध्ये कप्पा नावाच्या नदीतल्या योकाईचं तोंड लाल असतं, इतरत्र तो हिरवा रंगवतात. असा तपशील वाचकाला लगेच पटतो.

महिन्याचंही तसंच. जुन्या पंचांगातल्या दहाव्या महिन्याला कान्नाझुकी म्हणतात. लोक त्याचा अर्थ 'देव नसलेला महिना' असा लावतात, कारण त्या महिन्यात देशभरचे देव इझुमोला जमतात अशी श्रद्धा आहे. इझुमोत त्याच महिन्याला 'देव असलेला महिना' म्हणतात. समुद्रकाठी आग पेटवून देवांचं स्वागत होतं आणि इझुमोच्या मोठ्या देवळात त्यांच्या मुक्कामासाठी दोन लांबलचक इमारती आहेत. तिथे देव माणसांच्या सोयरिकी ठरवतात म्हणे. बाकीच्या देशात तोवर घर राखायला मागे राहतो एबिसु, हातात मासा धरलेला हसरा देव. आता हा एबिसु कोण? अनेक ठिकाणी तो हिरुको मानला जातो: इझानागी-इझानामीचं पहिलं मूल, जे अपंग जन्मलं म्हणून आईबापांनी बोरूच्या होडीत घालून समुद्रात सोडून दिलं. टाकून दिलेलं मूल कुठल्यातरी किनाऱ्याला लागलं, कोळ्यांनी त्याला देव केलं, आणि सगळे देव सभेला गेले की मागे तो एकटा सगळ्यांची घरं सांभाळतो. यावर कोणीतरी मराठीत लिहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पायरी ५ : 'देव', 'राक्षस', 'भूत' हे शब्द जपून

जपानीत ज्याला 'कामी' म्हणतात तो म्हणजे आपला देव नव्हे. अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागाने कोजिकीवर पस्तीस वर्षं खपून चव्वेचाळीस खंडांचं भाष्य लिहिलं. त्याच्या मते जे काही असामान्य आहे, ज्याच्यापुढे धाक वाटतो, ते सगळं कामी. मग ते चांगलं असो की वाईट, माणूस असो, झाड असो, डोंगर असो. म्हणून सुसानोओ बहिणीच्या शेताचे बांध फोडतो आणि तोच एका म्हाताऱ्या जोडप्याची शेवटची लेक वाचवतो. त्याला खलनायक किंवा नायक ठरवायला गेलात की तो हातून निसटतो.

ओनीला, म्हणजे जपानी कथांतल्या शिंगवाल्या दांडगटाला, सरसकट राक्षस, योकाईला सरसकट भूत म्हणू नका. मेलेल्या माणसाचं भूत म्हणजे यूरेई. योकाई मेलेला असायची गरज नाही. शंभर वर्षं वापरून टाकून दिलेली छत्री किंवा चप्पल जिवंत होते, त्या प्रकाराला त्सुकुमोगामी म्हणतात. पहिल्यांदा मूळ शब्द द्या, लगेच एका वाक्यात ओळख करून द्या, मग तोच शब्द चालवा.

नावं लिहिताना देवनागरीचा फायदा घ्या. आपल्याकडे त्सु, झ, न्ना सगळं आहे. इंग्रजीवरून लिहून 'कॅपा' किंवा 'टोकियो' कशाला? आडनाव आधी येतं हेही विसरू नका.

पायरी ६ : ओळखीचे चेहरे दिसले तर

दिसतीलच. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा. बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर. एन्मा म्हणजे यम. दाइकोकुतेन म्हणजे महाकाल, पण तिथे तो तांदळाच्या पोत्यांवर उभा राहून हसतो, कारण 'दाइकोकु' हा उच्चार इझुमोच्या ओकुनिनुशी या देवाच्या नावातल्या चिन्हांशी जुळला आणि दोन देव एक झाले. कांगितेन म्हणजे गणपती. बहुतेकदा गजमुखाच्या दोन आकृती एकमेकांना मिठी मारलेल्या असतात आणि मूर्ती झाकून ठेवतात. तोक्योत असाकुसाजवळच्या मात्सुचियामा देवळात त्याला मुळा वाहतात. मोदक अपेक्षित असणाऱ्या मराठी माणसाला तो मुळ्यांचा ढीग कायमचा लक्षात राहतो.

सापळा इथेच आहे. 'हे तर सगळं आपलंच' असं म्हणून लेखक गोष्टीचा जपानी भाग झटकून टाकतो. सरस्वती चीनमार्गे गेली, बेटांवर राहिली, सर्पाशी आणि ड्रॅगनशी जोडली गेली, व्यापाऱ्यांना धन देऊ लागली. एनोशिमा बेटाच्या दंतकथेत ती पाच तोंडांच्या ड्रॅगनला वळणावर आणते. ती तिकडे काय झाली, ही गोष्ट ती इकडून गेली यापेक्षा मोठी आहे. पंचतंत्रातल्या माकड आणि मगरीचंही असंच झालं. जपानी लोककथेत माकडाचं काळीज हवं असतं ते समुद्रातल्या राजवाड्याला, आणि माकड निसटल्याची शिक्षा म्हणून जेलीफिशची हाडं जातात.

पायरी ७ : गोष्ट कोणी कशासाठी वापरली ते पाहा

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान. ओकायामातल्या कोराकु-एन बागेवरून ते केलं आहे. ओकायामा म्हणजे मोमोतारोचं गाव: पीचमधून जन्मलेला मुलगा, ज्वारीबाजरीसारख्या धान्याचे लाडू देऊन कुत्रा, माकड, तित्तिरासारखा फेझंट पक्षी सोबत घेतो आणि बेटावरच्या ओनींना हरवतो. बालनाट्याला अगदी तयार विषय.

पण दुसऱ्या महायुद्धात याच मोमोतारोला सैनिक केलं गेलं. १९४५ साली नौदलाच्या पाठबळाने निघालेल्या ॲनिमेशनपटात तो सेनापती आहे आणि ओनींच्या जागी पाश्चात्त्य सैन्य आहे. दरबारी पुराणकथांचंही तेच झालं. सम्राट आमातेरासुचा वंशज हे शाळेत इतिहास म्हणून शिकवलं गेलं आणि १९४६ च्या नववर्षदिनी सम्राटाने आपल्या देवत्वाची कल्पना नाकारली. हे माहीत असेल तर 'बेटावरचे दुष्ट लोक' असं लिहिताना हात थांबतो.

ओकायामाने स्वतः काय केलं ते फार सुंदर आहे. तिथल्या स्थानिक कथेत ओनीचं नाव उरा. किबित्सु देवळात एका कढईखाली त्याचं शिर पुरलं आहे असं मानतात, आणि ती कढई तापवल्यावर घुमते त्या आवाजावरून भविष्य पाहतात. उरा परदेशातून आलेला, लोखंड घडवणारा होता असंही सांगतात. आज शहराच्या उन्हाळी उत्सवात तरुण मुलं उराचं रूप रंगवून रस्त्यावर नाचतात. हरलेल्याच्या बाजूने गोष्ट सांगायची परवानगी त्या गावाने आधीच दिलेली आहे.

देवळं चालू आहेत, श्रद्धा जिवंत आहेत, याचंही भान ठेवा. क्योतोतल्या फुशिमीच्या इनारी या धान्याच्या देवाला आजही माणूस धंद्याला बरकत मागायला जातो. त्याची कोल्ही म्हणजे वाहन नव्हे, निरोप्या आहे.

पायरी ८ : हक्क

हे थोडक्यात. कोजिकीवर कोणाचाही हक्क नाही, पण नव्या भाषांतराच्या वाक्यांवर भाषांतरकाराचा असतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, जपानमध्ये २०१८ च्या अखेरीपासून सत्तर.

खरी ठेच चित्रांत लागते. नुरिकाबे हा रात्री वाट अडवणारा योकाई. क्युशूतल्या मूळ समजुतीत तो दिसतच नाही. पुढे पाऊल पडत नाही, एवढंच. काठीने खालची बाजू झोडली की वाट मोकळी होते. डोळे आणि पाय असलेली भिंत हे त्याचं आज सर्वांना माहीत असलेलं रूप मांगा-चित्रकार मिझुकी शिगेरू यांनी काढलं, आणि ते २०१५ साली वारले. समजूत घ्या, चेहरा घेऊ नका. तुमच्या चित्रकारालाही हे आधी सांगा. एदो काळातल्या तोरियामा सेकिएन या चित्रकाराचे १७७६ पासूनचे चित्रसंग्रह वापरायला मोकळे आहेत. मात्र त्याने शेवटच्या खंडातले बरेच योकाई स्वतःच रचले, तेव्हा 'प्राचीन लोकश्रद्धा' म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवू नका.

पायरी ९ : वाचून दाखवा

जपानी वाचकाला "आवडलं का?" विचारलं तर "आवडलं" असंच उत्तर येईल. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. या गावात हे घडू शकेल का? या माणसाने या माणसाला असं संबोधलं असतं का? कुठे कोणी गरजेपेक्षा जास्त बोललं का?

मी माझी बदललेली कथा माझ्या जपानीच्या सेन्सेईंना, म्हणजे बाईंना, मराठीतून सांगत, मध्ये मध्ये जपानीत उलगडत वाचून दाखवली. पहिल्या दोन प्रश्नांना त्यांनी मान हलवली. तिसऱ्यावर थांबल्या. शेवटी बंद होणाऱ्या घरातून निघताना माझं मूल आजीला "येते हं" म्हणत होतं. सेन्सेई म्हणाल्या, "ते मूल सांगून जात नाही. आजीला सकाळी चटईवरची घडी मोडलेली दिसली तरी पुरे."

मी "येते हं" काढलं आणि चटई ठेवली.